आधी पाणी बघ

आमिष हा शब्द मराठीत बदनाम झालेला आहे. वर्तमानपत्रात तो रोज दिसतो. दामदुपटीचं आमिष, नोकरीचं आमिष, आणि लगेच पुढच्या ओळीत फसवणूक. संस्कृतात त्याचा अर्थ मांस. सामिष-निरामिष असा फरक आपण जेवणाच्या बाबतीत अजून करतो तो त्याच अर्थाने. पण तळ्याकाठी बसून रोहू, कटला, मृगळ किंवा सायप्रिनस गळाला लागण्याची वाट बघणारा माणूस पहाटे उठून जे मळतो, त्यात बहुधा मांसाचा कणही नसतो. कणीक, भाजलेल्या चण्याचं पीठ, तिळाची पेंड, भाताचा कोंडा, चिमूटभर मेथी, गुळाचा एखादा खडा. बरंचसं घरच्या डब्यांतून निघालेलं. आणि ते खरोखर चांगलं खाणं असावं लागतं, कारण कार्प कुळातला मासा न पटलेली वस्तू तोंडात घेतो आणि क्षणात थुंकून टाकतो. फसवायचं काम गळाचं. आमिषाकडे मासा जेवायला येतो. हे पुस्तक त्या जेवणाबद्दल आहे.

ते घोडबंदर रोडवर लिहिलं गेलं, याला कारण आहे. ठाण्याहून कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत घोडबंदरकडे निघालं की डाव्या हाताला येऊरचा डोंगर लागतो आणि उजवीकडे, इमारतींच्या पाठीमागे, उल्हास नदीची खाडी. गायमुखाशी डोंगर आणि खाडी इतके जवळ येतात की रस्ता मधून अंग चोरून जातो. या एका रस्त्याला दोन पाणी आहेत. खाडीचं खारं पाणी भरती-ओहोटीच्या तालावर चालतं. तिथे गळाला कोळंबी लावतात, निवटी लावतात, जिताड्याच्या आशेने जिवंत मासळी लावतात. बोयसाठी तेवढी कणीक चालते. त्या खाडीचं शास्त्र वेगळं आणि ते आगरी-कोळी बांधवांनी सांगावं. माझा विषय गोड्या पाण्याचा, म्हणजे रस्त्याच्या आसपास उरलेल्या तळ्यांचा. कावेसर, तुर्फेपाडा, कोलशेत. थोडं शहराकडे वळलं की उपवन. आणि अगदी गावात कोपिनेश्वराशेजारचा मासुंदा. ठाणे शहरात आजही सुमारे 35 तलाव आहेत. कल्याणला गेलं की काळा तलाव. रोहू-कटल्याला खाडीचं खारं पाणी सोसत नाही, त्यामुळे त्यांचं सगळं जग या तळ्यांच्या काठापर्यंतच.

मी शिकलो ते एका चुकीतून. पंधराएक वर्षांपूर्वी एका दुकानातून मी परदेशी आमिषाचा डबा आणला होता. गोल, कडक, लाल गोळ्या, स्ट्रॉबेरीचा उग्र वास, डब्यावर मिठी मारून धरलेल्या अवाढव्य कार्पचं चित्र. परवानगी काढून एका तळ्यावर मी त्या गोळ्या घेऊन तीन रविवार बसलो आणि तिन्ही रविवार रिकाम्या हाताने परतलो. माझ्यापासून दहा हातांवर एक म्हातारे आगरी गृहस्थ बांबूच्या काठीला तंगूस बांधून बसायचे आणि दर रविवारी दोन-तीन मृगळ घेऊन घरी जायचे. तिसऱ्या रविवारी त्यांनी माझा डबा हातात घेतला, हुंगला, आणि परत देताना एवढंच म्हणाले, "आदी पानी बग, मंग गोली बनव." मग त्यांनी आपली गोळी माझ्या तळहातावर ठेवली. शेंगपेंड आणि कोंडा. दुसरं काही नाही.

तीच गोळी का चालली ते कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्यासाठी थोडा इतिहास वाचावा लागला.

रोहू, कटला, मृगळ हे आपल्या तळ्यांतले मूळ रहिवासी नाहीत. ते गंगेच्या खोऱ्यातले. पावसाळ्यात वाहत्या, फुगलेल्या नदीत ते अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात वाढतात, पण सहसा प्रजनन करत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतून मत्स्यजिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, गोळा करून, हंड्यांत भरून, रेल्वेने लांबलांब पाठवावे लागायचे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं बंदिस्त पाण्यात प्रजनन करून दाखवलं. आज 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यासाठीच. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, त्याहून लांबून आला. त्याची एक जात 1939 मध्ये श्रीलंकेतून उटीला आणली गेली आणि दुसरी 1957 मध्ये बँकॉकहून कटकला. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) 1959 मध्ये आले. आपल्या तळ्यांतली कार्प मासळी बहुतेक अशी बाहेरून आलेली, मत्स्यबीज केंद्रात वाढलेली आणि बोटुकली झाल्यावर सोडलेली आहे.

आता त्या केंद्रांमध्ये या पिल्लांना काय खायला घालतात? शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. मत्स्यसंवर्धनाच्या पुस्तकांत हे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या छापलं जात आहे. म्हाताऱ्यांच्या तळहातावर तोच घास होता. माशाला बालपणीची चव आठवते असा माझा दावा नाही. पण ज्या वस्तूवर ही मासळी वाढवली जाते ती तिला पचते, तिचा वास ओळखीचा असतो, आणि तळ्यात मासेमारीचा ठेकेदार खाद्य टाकत असेल तर तेही बहुधा तेच असतं. लाल गोळी त्या पाण्यात परकी होती. एवढं लक्षात आल्यावर मी डबे विकत घेणं थांबवलं आणि वही घातली.

त्या वहीतून पहिली गोष्ट कळली ती अशी, की 'कार्पचं आमिष' अशी एकच वस्तू नसते. माशाचं तोंड बघावं लागतं. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत. तो वरच्या थरात फिरतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. त्याच्यापुढे तळाशी शिशाने दाबून ठेवलेली गोळी म्हणजे पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याला तळघरात वाढलेलं ताट. कटल्याला सुटणारं, पसरणारं खाद्य हवं. पीठ इतकं बारीक की पाण्यात ढग झाला पाहिजे, आणि त्या ढगात गळावरचा मऊ घास. रोहूचे ओठ झालरीसारखे कातरलेले, बारीक मिशांची एक जोडी, वावर मधल्या थरात. दगडावरचं, काडीवरचं शेवाळ तो ओठांनी खरवडतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं. तो गाळातला, कुजलेल्या पानांतला. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि तो तळ अक्षरशः नांगरतो. एकाच तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडतात ते याच हिशोबाने. तिघे एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत.

दुसरी गोष्ट तोंडाच्या आतली. या कुळाला जबड्यात दात नसतात. दात असतात ते घशात, आणि टाळूवर एक मांसल गादी असते, चवीच्या कलिकांनी भरलेली. सायप्रिनस गाळ, खडे, दाणे सगळं एकदम ओढून घेतो. त्या गादीवर अन्न धरून ठेवतो आणि बाकीचं कल्ल्यांतून किंवा तोंडातून बाहेर टाकतो. काठावरून बघताना याची खूण दिसते. तळातून बारीक बुडबुड्यांची माळ वर येते आणि हळूहळू सरकत जाते, कोणी पाण्याखालून सुईने टाके घालत चालल्यासारखी. ती माळ दिसली की बोलणं थांबवावं. ती कुठल्या दिशेने जाते ते बघावं आणि तिच्या पुढे चार-पाच हातांवर घास ठेवावा, माळेच्या डोक्यावर कधीही नाही.

इंग्लंडात याच सवयीने आमिषाचं अख्खं शास्त्र बदललं. आयझॅक वॉल्टनने 1653 साली कार्पसाठी गांडूळ आणि गोड पिठाचे गोळे सांगितले होते, आणि पुढची तीनशे वर्षं लोक थोडाफार फरक करून तेच वापरत राहिले. मग 1970 च्या सुमारास फ्रेड विल्टन यांनी प्रथिनयुक्त पिठाच्या गोळ्यांचा पुरस्कार केला. अंडं घालून मळायचं आणि उकळत्या पाण्यातून काढायचं, म्हणजे कडक साल येते आणि बारीक मासे ती टोचून खाऊ शकत नाहीत. पुढे लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी घास गळावर न टोचता गळाखाली केसासारख्या बारीक दोऱ्यावर लोंबता ठेवायची युक्ती काढली. मासा घास मोकळेपणी ओढतो, गळ मागोमाग जातो, आणि थुंकताना टोक ओठात रुततं. माझ्या लाल गोळ्या या परंपरेतल्याच. तिथल्या थंड पाण्यात, त्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन सरावलेल्या माशांपुढे त्या चालतात. चूक गोळ्यांची नव्हती, मी त्या आणल्या होत्या दुसऱ्याच पाण्यात.

आपल्याकडची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती सांगताना मला खरा अभिमान वाटतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी आपली कल्याण-डोंबिवलीची नव्हे. बीदर जिल्ह्यातलं, आपल्या सीमेवरचं बसवकल्याण. मराठीचे अभ्यासक हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठी पद्यासाठी जाणतात. मासे धरणाऱ्यांनी तो 'मत्स्यविनोद' या प्रकरणासाठी जाणावा. राजाने त्यात माशांच्या जाती सांगितल्या, दोरी, काठी आणि गळ यांबद्दल लिहिलं, आणि माशांना आधी खाऊ घालून एका जागी यायची सवय कशी लावावी तेही सांगितलं. तीळ, हरभऱ्याचं पीठ, शिजवलेला भात यांचे गोळे त्यात येतात. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वीची यादी, आणि त्यातली प्रत्येक वस्तू आज कासारवडवलीच्या कोणत्याही वाण्याकडे मिळते. इंग्रजी अमलात मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांनी 1873 मध्ये 'द रॉड इन इंडिया' आणि 1887 मध्ये खास तळ्यांतल्या मासेमारीवर 'टँक अँगलिंग इन इंडिया' लिहिलं. आपल्या तळ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहावं असं त्यांना वाटलं. मराठीत मात्र हे ज्ञान तोंडीच राहिलं.

अलीकडे त्यात बंगालची भर पडली. घोडबंदर रोडवर उंच इमारती उभ्या राहिल्या तशी गोड्या पाण्याच्या माशावर जीव असणारी बंगाली कुटुंबं इथे आली, आणि त्यांच्याबरोबर 'चार' आणि 'टोप' हे दोन शब्द आले. चार म्हणजे पाण्यात आधी टाकून मासे गोळा करायचं खाद्य, टोप म्हणजे गळावरचा घास. आपणही पाण्यात टाकतो त्याला चारा म्हणतो, पण गळावरच्या घासाला धड नाव नाही; कोणी गोळी म्हणतं, कोणी नुसतं 'लावणं'. बंगाली मंडळींचे मसाले भारी असतात: एकांगी, मेथी, बडीशेप, भाजून-कुटून ठेवलेले. मुंग्यांची अंडी हा त्यांचा मानाचा टोप. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली. मसाला चाऱ्यात घालायचा, गळावरच्या घासात नाही. वास लांबून बोलावतो. तोंडाशी आल्यावर माशाला चव हवी असते, आणि ती विरघळणाऱ्या रसांतून येते, अत्तरातून नाही.

आता घास प्रत्यक्ष कसा करतात ते. दोन वाट्या भाजलेल्या चण्याचं पीठ, एक वाटी तिळाची पेंड, एक वाटी चाळलेला कोंडा, आणि बांधून धरायला मूठभर कणीक. पेंड आधी कोरड्या कढईत मंद आचेवर परतायची, तेलाचा वास सुटेपर्यंतच. जळकी झाली तर टाकून द्यायची. बुरशी धरलेली पेंड कधीही वापरू नये. शेंगपेंडीवरच्या बुरशीचं विष माशालाही बाधतं, आणि तो मासा तुम्हीच खाणार असता. गूळ कोमट पाण्यात विरघळवून त्याच पाण्याने मळायचं. पाणी नळाचं नको, शक्य असेल तर ज्या तळ्यावर बसायचं त्याचंच घ्यायचं. मळून झालं की ओल्या फडक्यात अर्धा तास ठेवायचं. मग परीक्षा. काचेच्या पेल्यात पाणी घ्यावं, सुपारीएवढी गोळी सोडावी आणि घड्याळ लावावं. पहिल्या दोन मिनिटांत गोळीभोवती दुधट वलय आलं पाहिजे. दहाव्या मिनिटाला कडा सुटायला लागल्या पाहिजेत. विसाव्या मिनिटाला बोटाने ढकलल्यावर ती मोडली पाहिजे. पाचव्याच मिनिटाला ढासळली तर कणीक कमी पडली. विसाव्याला दगडासारखी राहिली तर कणीक जास्त झाली. मी आजही दर वेळी हा पेला लावतो, कारण प्रत्येक गिरणीचं पीठ वेगळं असतं.

मका, चणे, गहू असे अख्खे दाणे लावायचे तर रात्रभर भिजवून, मऊ होईपर्यंत शिजवूनच. कोरडा दाणा माशाच्या पोटात फुगतो, आणि या कुळाला आपल्यासारखं जठर नसतं. दाण्यांचा उपयोग होतो तो चिलापीसाठी, म्हणजे तिला टाळण्यासाठी. 1952 साली देशात आणलेली ही तिलापिया आता बहुतेक शहरी तळ्यांत आहे आणि मऊ गोळी दोन मिनिटांत कुरतडून संपवते. फ्लोट सतत थरथरतो, खाली मात्र जात नाही, तेव्हा खाली चिलापी आहे असं समजावं आणि शिजवलेल्या मक्याचे दोन दाणे लावावेत. मोठा मासा फ्लोटला थरथरवत नाही. रोहू तो तिरका ओढून नेतो. मृगळ कधीकधी उलटा वर उचलतो, आडवा पाडतो. कटल्यासाठी स्प्रिंगभोवती मसाल्याचा गोळा दाबून भोवती चार-पाच गळ लोंबते सोडायची रीत सगळीकडे आहे. ती मला मान्य नाही. त्यात एक गळ तोंडात आणि दुसरा कल्ल्यात किंवा पोटाला लागतो, आणि सोडून द्यावा म्हटलं तरी तो मासा जगत नाही. एक काठी, एक गळ, एवढ्यावरच हे पुस्तक लिहिलं आहे.

माशाला खाऊ घालणं ही आपल्याकडे नुसती शिकारीची गोष्ट नव्हती. वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसेश्वराच्या डोहात, महाडजवळ वाळणकोंडात, देवाचे म्हणून राखलेले मोठाले मासे आहेत. खवल्यांचे, मिशांचे, म्हसीर जातीचे, म्हणजे याच कार्प कुळातले. तिथे गळ टाकत नाहीत. भाविक कुरमुरे-चणे टाकतात आणि मासे हातभर अंतरावर येऊन खातात. गळाला हात घालण्यापूर्वी प्रत्येकाने एक सकाळ तिळशाला जावं असं मला मनापासून वाटतं. मासा अन्नाकडे कसा येतो, पहिला कोण येतो, मोठा किती वेळ मागे थांबतो, हे तिथल्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

आणि मग मासुंद्यावर यावं, हातातला पाव आवरून. शहरातल्या तळ्यात पाव, निर्माल्य, शिळी पोळी इतकी पडते की मासे पावाचेच झाले आहेत. पाव लावला तर मासा लागेलही. पण साचलेल्या पाण्यात न खाल्लेलं अन्न कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू घेतं. शेवाळाने हिरवं झालेलं तळं दिवसा प्राणवायू बनवतं आणि रात्री तोच वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यांत कमी असतो. अशा एखाद्या पहाटे शेकडो मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. नवशिक्याला वाटतं, भुकेले आहेत. ते भुकेले नसतात, गुदमरलेले असतात. त्या दिवशी गळही टाकू नये आणि चाराही नाही. ठेकेदाराला किंवा पालिकेला फोन करावा. उन्हाळ्याच्या शेवटी, ढगाळ हवेत मी हे दोनदा पाहिलं आहे आणि त्यातल्या एका वेळी दुपारपर्यंत काठाला पांढरी पोटं लागली होती. म्हणून माझा चाऱ्याचा हिशोब मुठीचा आहे: बसताना एक मूठ, मासा लागला तर आणखी अर्धी. किलो-किलो पेंड ओतणारी मंडळी भेटतात. त्यांना मी प्रत्येक वेळी सांगतो, काही ऐकतात.

कुठे बसायचं हेही सांगायला हवं. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मासेमारी गुन्हा आहे. येऊरच्या ओढ्यांवर, चेण्याच्या नदीवर हद्द माहीत नसेल तर काठी घेऊन जाऊच नये. तुळशी आणि विहार ही पिण्याच्या पाण्याची तळी, तिथेही गळ नको. शहरातल्या तळ्यांचा मासेमारीचा ठेका बहुधा कोणाकडे तरी असतो, आणि तो त्याच्या पोटाचा व्यवसाय असतो. त्याला विचारल्याशिवाय बसणं ही चोरी आहे. पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथे नियम आहेत, जाणते सभासद आहेत, आणि 1891 चं जुनं पाणी आहे. शिकायला त्याहून चांगली जागा जवळपास नाही.

पुढची पानं माझ्या वहीतून आली आहेत. वहीत पाच रकाने आहेत: तारीख, पाण्याचा रंग, वारा, घास, आणि मासा धरला असेल तर त्याच्या तोंडात काय सापडलं. शेवटचा रकाना म्हाताऱ्यांचा. ते मृगळ धरल्यावर त्याचं तोंड हलकेच उघडून करंगळीने आतला गाळ बोटावर घ्यायचे, चोळून बघायचे, आणि पुढची गोळी त्यात थोडी मळायचे. आता ते बसायला येत नाहीत. त्यांच्या जागेवर सिमेंटची पायरी झाली आहे. तिच्यासमोर अजूनही सकाळी सातच्या सुमारास बुडबुड्यांची माळ उजवीकडून डावीकडे जाते.